आईच्या मायट्रल व्हॉल्व्हला मोठी गळती आहे, क्लिप बसवावी की ओपन हार्ट?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आईचं वय ७६, वीस वर्षं शुगर आहे, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं, १.९ च्या आसपास असतं. दिवाळीपासून तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग देवळापर्यंत जाताना, आणि आता तर कणीक मळता मळता मध्येच हात थांबवते, परातीचा काठ धरून उभी राहते आणि मी बघतेय हे लक्षात आलं की परत मळायला लागते. एका उशीवर झोपणारी बाई आता तीन उशा घेते. परवा पहाटे साडेतीनला जाग आली तर खुर्चीत बसलेली, म्हणाली आडवं झालं की गुदमरतं गं.

टू डी इको केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय सिव्हियर एमआर (म्हणजे मायट्रलची मोठी गळती), पोस्टीरियर लीफलेट फ्लेल, ईएफ (हृदयाच्या पंपाची ताकद) ५५ टक्के, डावीकडचा वरचा कप्पा मोठा झालाय. लघवीची गोळी सुरू केली, पायाची सूज उतरली पण दम आहेच. मग पुण्याला दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या सर्जननी सांगितलं की छाती उघडून व्हॉल्व्ह रिपेअर करायचा किंवा बदलायचा हाच पक्का उपाय, पण वय आणि किडनी बघता रिस्क जास्त आहे, तुम्ही घरच्यांनी ठरवा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले छाती उघडायची गरजच नाही, जांघेतून नळी घालून क्लिप बसवू, तीन दिवसांत घरी. ऐकून हायसं वाटलं, पण तिथं डॉक्टर जेमतेम दहा मिनिटं बोलले आणि क्लिप म्हणजे नेमकं काय हे समजायच्या आधीच काउंटरवरून इस्टिमेटचा कागद हातात आला, तीस लाखांच्या पुढचा आकडा, मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आईला काही सांगितलंच नाही.

भाऊ म्हणतो एकदाच ऑपरेशन करून मोकळं होऊ. मामा म्हणतो या वयात कशाला चिरफाड, गोळ्या द्या. मला कुणाचंच पटत नाही आणि कुणाला खोडूनही काढता येत नाही. ही क्लिप नेमकी काय करते, गळती पूर्ण थांबते का, किती वर्षं टिकते, आणि एक्सरेत दिसण्यासाठी रक्तात सोडतात त्या डायचा किडनीला त्रास होणार का? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी प्लीज लिहा.

इकोवाली_ताई

ताई, आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, पुण्यात चौदा वर्षं इको डिपार्टमेंटला टेक्निशियन आहे, त्यामुळे रोज दहा-पंधरा झडपा तरी डोळ्यांखालून जातात. तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सिव्हियर नाहीच, फ्लेल हा आहे.

मायट्रल झडपेला दोन पाकळ्या असतात आणि त्या खालून बारीक दोऱ्यांनी बांधलेल्या असतात, छत्रीच्या काड्या असतात ना तशा. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या मिटतात आणि दोऱ्या त्यांना उलट्या फिरू देत नाहीत. आईंची मागच्या पाकळीची एखादी दोरी तुटलेली असणार, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला ती पाकळी वरच्या कप्प्यात फडफडते आणि रक्त पुढं जायच्या ऐवजी मागं फिरतं. मागचा दाब फुप्फुसात जातो म्हणून आडवं झालं की गुदमरायला होतं. याला प्रायमरी एमआर म्हणतात, म्हणजे झडपच बिघडलीय. दुसरा प्रकार सेकंडरी, त्यात झडप बिचारी चांगली असते पण हार्ट अटॅकनी वगैरे हृदयच फुगतं आणि पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. दोन्हीच्या रिपोर्टवर सिव्हियर एमआर एवढंच दिसतं आणि लोक एकमेकांचे अनुभव ऐकून घाबरतात नाहीतर निर्धास्त होतात. तेव्हा इथं कुणीही काहीही सांगितलं तरी आधी विचारा, तुमच्या पेशंटची कुठली होती.

आता ईएफ ५५. बऱ्याच जणांना वाटतं पन्नासच्या वर म्हणजे पंप छान. या गळतीत तसं नसतं हो. हृदयाला रक्त ढकलायला दोन वाटा असतात, त्यातली एक वरच्या कप्प्यात जाणारी, तिथं दाब कमी, त्यामुळे काम सोपं होतं आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून प्रायमरी एमआरमध्ये ईएफ ६० किंवा त्याखाली आला की पंपावर ताण पडायला लागलाय असं धरतात. म्हणजे तुमच्याकडे वाट बघायला फार वेळ नाही, मामांना हे जरूर सांगा. तुटलेली दोरी गोळीनी जोडली जात नाही, गोळी फक्त साचलेलं पाणी काढते.

दुसरं म्हणजे साध्या इकोवर क्लिपचं ठरत नाही. टीईई करावा लागतो, तोंडातून नळी अन्ननलिकेत सोडून हृदयाच्या अगदी पाठीमागून बघतात. फ्लेलमध्ये गळतीची धार सरळ येत नाही, भिंतीला चिकटून तिरकी जाते, त्यामुळे छातीवरून बघताना रंग कमी दिसतो आणि गळती असते त्याहून लहान वाटू शकते. टीईईमध्ये मागची पाकळी तीन भागांत बघतात, मधला भाग फडफडत असेल तर क्लिपसाठी सगळ्यात सोयीचं. पाकळीचं टोक समोरच्या पाकळीपासून किती लांब उडालंय, फडफडणारा भाग किती रुंद आहे, झडपेचं तोंड किती मोठं आहे ही मापं घेतात. ज्या अभ्यासावर अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली त्यात टोकाचं अंतर १० मिलिमीटरच्या आत आणि रुंदी १५ च्या आत असेल तरच पेशंट घ्यायचे, आता अनुभवी हात त्यापुढंही जातात. तोंडाचं क्षेत्रफळ साधारण चार चौरस सेंटिमीटरच्या वर लागतं, कारण क्लिप लावली की तोंड लहान होतंच, आधीच अरुंद असेल तर गळती जाऊन अडथळा येईल.

टीईई झाला का? झाला नसेल तर इस्टिमेट कशाच्या जोरावर दिलं हे मला खरंच कळलं नाही.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, टीईई झालाच नाहीये!! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले ॲडमिट झाल्यावर करू. छत्रीच्या काड्यांचं वाचून पहिल्यांदाच नीट डोक्यात शिरलं, भावाला पण वाचून दाखवलं.

बार्शीकर७२

आमचा अनुभव लिहितो, पण वरच्या ताईंनी म्हटलंय तसं आधीच सांगतो, वडिलांची सेकंडरी होती. २०२२ ला अटॅक आला, ईएफ ३० वर आला आणि सहा महिन्यांनी इकोमध्ये सिव्हियर एमआर. आम्हालाही लगेच क्लिपचं सुचवलं गेलं होतं. मी शेत विकायचं मनात पक्कं केलं होतं, गिऱ्हाईकसुद्धा येऊन बघून गेलं. मग सोलापुरातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि एकेक पट्टी हातात घेऊन बघितली. म्हणाले अहो हार्ट फेल्युअरची निम्मी औषधं सुरूच नाहीत आणि जी आहेत ती अगदी बाळडोसमध्ये आहेत. त्यांनी सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन सुरू केलं, डॅपाग्लिफ्लोझिन, बीटा ब्लॉकर हळूहळू वाढवला, स्पायरोनोलॅक्टोन, दर पंधरा दिवसांनी बीपी आणि पोटॅशियम. साडेतीन महिन्यांनी इको केला तर गळती मॉडरेटवर आणि ईएफ ३८. हृदय थोडं आटलं तशा पाकळ्या जवळ आल्या. क्लिप लागलीच नाही, वडील आज स्वतः मोटर चालू करायला विहिरीवर जातात.

ताई तुमच्या आईची दोरी तुटलीय म्हटल्यावर हे तुम्हाला लागू नाही. पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल म्हणून लिहिलं. सेकंडरी असेल तर औषधं पूर्ण डोसवर तीन महिने दिलीत का, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

रिटायर्ड_सिस्टर_परळ

बार्शीकर दादा बरोबर लिहिलंत, आणि यामागं मोठी गोष्ट आहे. २०१८ साली सेकंडरी एमआरवर दोन अभ्यास एकापाठोपाठ आले, फ्रान्सचा मित्रा-एफआर आणि अमेरिका-कॅनडाचा कोॲप्ट. फ्रान्समध्ये ३०४ पेशंट होते, क्लिप लावली काय न लावली काय, वर्षभरात काहीच फरक नाही. कोॲप्टमध्ये ६१४, आणि तिथं दोन वर्षांत नुसत्या औषधांवरचे ४६ टक्के गेले तर क्लिपवाले २९. डॉक्टर लोकांत तेव्हा केवढी चर्चा! कारण असं सांगतात की कोॲप्टमध्ये आधी औषधं कसून देऊन मग उरलेल्यांनाच घेतलं, त्यांची गळती जास्त होती आणि हृदय त्या मानानं कमी फुगलेलं होतं. फ्रान्सवाल्यांचं हृदयच इतकं फुगलेलं की गळती बुजवून पंप सुधारणार नव्हता. आणि कोॲप्टमध्ये सुद्धा पाच वर्षांनी क्लिपवाल्यांतले ५७ टक्के गेलेच होते, दुसरीकडे ६७. म्हणजे फायदा खरा आहे पण हृदय मुळात थकलेलं असेल तर क्लिप त्याला नवं करत नाही.

आता कृष्णाकाठ ताई तुमच्यासाठी. मी एकतीस वर्षं सिस्टर होते, शेवटची वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी वगैरे करतात त्या खोलीत गेली, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं ते सांगते. पेशंटला पूर्ण भूल देतात. उजव्या जांघेतल्या शिरेतून, धमनीतून नाही बरं का, शिरेतून नळी वर नेतात, चांगली जाड असते, करंगळीएवढी म्हणा ना. ती उजव्या वरच्या कप्प्यात येते, मग दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून डावीकडं जातात. हे भोक कुठं पडतं यावर पुढचं सगळं अवलंबून. झडपेपासून साधारण चार सेंटिमीटर वर पाहिजे, खाली पडलं तर क्लिपला वळायला जागाच राहत नाही. त्या वेळी कॅथलॅबमध्ये कुणी बोलत नसे, सगळ्यांची नजर इकोच्या पडद्यावर, जे डॉक्टर टीईईची नळी धरून बसलेले असतात तेच खरे डोळे. मग क्लिप उघडून झडपेच्या खाली नेतात आणि हळूहळू वर ओढतात, दोन्ही पाकळ्या तिच्या हातांवर येऊन बसल्या की मिटवतात. आमच्याकडे एकदा चार वेळा पकडली आणि चार वेळा सोडली, पाचव्यांदा मनासारखी बसली. सोडेपर्यंत ती परत उघडता येते, काढता येते, हे या पद्धतीचं मोठं सुख. मिटवल्यावर गळती किती उरली बघतात, झडपेवर दाब किती आला बघतात, तो पाच मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या, बीपीसारख्या) वर जायला लागला की दुसरी क्लिप लावायची का यावर विचार होतो. सगळं पटलं की मग नळीपासून सुटी करतात.

किडनीचं विचारलंत, तर ही सगळी प्रोसिजर इकोवर आणि साध्या एक्सरेवर चालते, डाय जवळजवळ लागतच नाही. पण त्याआधी अँजिओग्राफी सांगतील त्यात डाय असतो, तेव्हा क्रिएटिनिन १.९ आहे हे आठवणीनं स्वतः सांगा, फाइलमध्ये आहे म्हणून गृहीत धरू नका, कमी डायमध्ये उरकता येतं आणि दोन्हींच्या मध्ये थोडे दिवस जाऊ देता येतात.

रिस्क नाही असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. जांघेत रक्तस्राव होतो, पडदा भेदताना हृदयाभोवती रक्त साठू शकतं, क्वचित एक पाकळी क्लिपमधून निसटते आणि क्लिप एकाच पाकळीवर लटकत राहते. आणि एकदा क्लिप बसली की पुढं सर्जरीची वेळ आली तर रिपेअर अवघड होतं, बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. म्हणूनच पन्नाशीचा धडधाकट पेशंट असेल तर त्याला आजही सर्जरीच सांगतात, चांगल्या सर्जनच्या हातचं रिपेअर वर्षानुवर्षं टिकतं. तुमच्या आईंचं वय, शुगर, किडनी हे धरून सर्जन एसटीएस स्कोअर, म्हणजे ऑपरेशनच्या रिस्कचा आकडा काढतात, तो किती आला ते विचारा. सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना एका टेबलावर बसवून तुमच्यासमोर बोलू दे. दोघं वेगवेगळ्या हॉस्पिटलात आणि तुम्ही मध्ये फाइल घेऊन पळताय, असं नको.

आणखी एक. आपल्याकडं लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेल्या झडपा खूप. त्यात पाकळ्या जाड, चिकटलेल्या असतात, तोंड अरुंद असतं. त्यांना ही क्लिप सहसा चालत नाही. तिथं अरुंद तोंड फुग्यानं उघडतात, तेही जांघेतूनच, पण ते काम बरोबर उलटं आहे. शेजारणीचं फुग्यानं झालं मग माझं का नाही, असं विचारणाऱ्या कितीतरी जणींना मी हे समजावलंय.

वाचनवेडा_नाशिक

सिस्टरांनी इतकं छान लिहिलंय की राहवलं नाही, एक भर घालतो. या क्लिपची कल्पना मुळात एका टाक्याची आहे. १९९१ च्या सुमारास इटलीत मिलानचे सर्जन ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्यानं एकमेकींना शिवून टाकल्या. एका तोंडाची दोन तोंडं झाली, आठाच्या इंग्रजी आकड्यासारखी, आणि गळती थांबली. लोकांना वाटलं असं कसं चालेल, पण चाललं. मग फ्रेड सेंट गोअर या कॅलिफोर्नियातल्या कार्डिओलॉजिस्टच्या डोक्यात आलं की टाक्याच्या जागी क्लिप वापरली तर छाती कशाला उघडायची. पहिला पेशंट २००३ मध्ये व्हेनेझुएलात कराकसला झाला. युरोपात २००८ ला परवानगी, अमेरिकेत २०१३ ला, तीही फक्त ज्यांना सर्जरी झेपणार नाही अशा प्रायमरीवाल्यांना, आणि सेकंडरीला २०१९ मध्ये. एक टाका कुठून कुठं गेला बघा.

जर्सीची_सून

माझ्या सासूबाईंचं इथे न्यू जर्सीत २०२१ मध्ये झालं, वय ८१, त्या इथल्या सिटिझन आहेत त्यामुळे मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी विम्यात बसलं, खर्चाच्या बाबतीत माझा अनुभव तुम्हाला उपयोगाचा नाही. त्यांचीही दोरी तुटलेली, म्हणजे प्रायमरी. दोन क्लिप लागल्या, अडीच तास आत होत्या.

बाहेर आल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. जांघेत आठाच्या आकाराचा एक टाका घातलेला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कापला, तोपर्यंत पाय सरळ ठेवायचा, आणि त्यांना त्या पायाचाच सगळ्यात जास्त वैताग आला. घसा दोन-तीन दिवस दुखत होता टीईईमुळे, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, मी पेजेत मीठ-तूप घालून कोमट द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉरिडॉरमध्ये चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. जांघ काळीनिळी झालेली, गुडघ्यापर्यंत, ते बघून मी घाबरले होते, नर्स म्हणाली रंग पसरतोय ते चालेल पण गोळा कडक लागला किंवा मोठा व्हायला लागला तर लगेच फोन करा. आठवडाभर जड उचलायचं नाही आणि खाली बसायचं नाही, देवपूजा खुर्चीवर.

गळती पूर्ण गेली नाही, थोडी राहिलीच, माइल्ड म्हणतात. आम्ही नाराज झालो होतो, पण पहिल्या रात्री घरी त्या सरळ आडव्या झोपल्या. मी तीनदा उठून बघितलं, श्वास चालू आहे ना. इतके महिने त्यांना आडवं झोपलेलं बघितलंच नव्हतं ना.

एक महत्त्वाचं, दाताचं काही काम असेल तर आधी उरका, आणि नंतर दात काढायचा झाला तर डेंटिस्टला क्लिप आहे हे सांगून आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर क्लिपवर इन्फेक्शन बसू शकतं. कार्ड देतात क्लिपचं, ते त्यांच्या पर्समध्येच असतं, एमआरआय करायचा झाला की ते दाखवायचं.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. जर्सी ताई तुमचं आडवं झोपण्याचं वाचून रडूच आलं. दोन प्रश्न आहेत, टिकते किती आणि पैशांचं कसं जमवायचं? आमचा मेडिक्लेम पाच लाखांचा आहे.

रिटायर्ड_सिस्टर_परळ

टिकण्याचं सांगते. एव्हरेस्ट टू म्हणून अभ्यास होता, २७९ पेशंट, काहींना क्लिप आणि काहींना सर्जरी. पाच वर्षांत क्लिपवाल्यांपैकी जवळजवळ २८ टक्क्यांना परत झडपेची सर्जरी लागली, सर्जरीवाल्यांत ९ टक्क्यांना. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यातल्या बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच लागल्या, म्हणजे मुळात नीट बसलीच नव्हती अशा. जी पहिल्या सहा महिन्यांत चांगली राहिली ती पुढंही राहिली. आणि ते सुरुवातीचे दिवस होते, हात बसायचे होते, क्लिपही पहिल्या पिढीची. आता क्लिपच्या चार मापांमधून निवडता येतं. म्हणून डॉक्टरांना न लाजता विचारा, तुम्ही आत्तापर्यंत किती केल्यात, आणि त्या दिवशी टीईईवर कोण असणार. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

पैशांचं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत. फुले योजनेचं कव्हरही पाच लाख आहे. पण क्लिपचाच आकडा एवढा मोठा की हे पुरत नाही, आणि क्लिप त्यांच्या पॅकेजमध्ये बसते का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ओपन सर्जरीचं मात्र यात बऱ्यापैकी निभावतं, आणि भावाशी बोलताना हाही विचार करावा लागेल, त्यात कमीपणा काही नाही. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, समाजसेवा विभागात जाऊन विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करून ठेवा. मेडिक्लेमवाल्यांकडून इम्प्लांटसाठी वेगळी मर्यादा आहे का ते लेखी घ्या, फोनवरच्या हो ला काही अर्थ नसतो.

वापी_वलसाड_मराठी

भर घालतो, वापीच्या मेरिल कंपनीनं मायक्लिप नावाची आपल्या देशात बनलेली क्लिप आणलीय. बाहेरच्या क्लिपवर अनुभव जास्त वर्षांचा आहे हे खरं, त्यामुळे डॉक्टरांचा हात कशावर बसलाय ते बघा, पण दोन्हींचं इस्टिमेट वेगवेगळं मागायला काय हरकत आहे. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

इकोवाली_ताई

आणि ताई, टीईईच्या दिवशी आईंना सहा तास काही खाऊ-पिऊ देऊ नका, पण शुगर आहे म्हटल्यावर सकाळच्या इन्सुलिनचं किंवा गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारा. कवळी असेल तर काढायची. हलणारा दात असेल तर सांगायचा. घशात स्प्रे मारतात, तो कडू लागतो आणि घसा बधिर झाला की माणूस घाबरतं, गिळता येत नाही असं वाटतं. तेवढं आधी सांगून ठेवा, माहीत असलं की निम्मी भीती जाते. नंतर तासभर तरी पाणी द्यायचं नाही, ठसका लागतो.

कृष्णाकाठ_सांगली

तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिलं हॉस्पिटल नाही आणि दुसरंही नाही, तिसऱ्या ठिकाणी गेलो, जिथं सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट एकाच खोलीत आमच्याशी पाऊण तास बोलले. टीईई झाला. मागच्या पाकळीचा मधलाच भाग आहे, टोकाचं अंतर ६ मिलिमीटर, तोंड ४.८. इकोवाल्या ताईंचं सगळं मी वहीत लिहून नेलं होतं, डॉक्टरांनी एकेक माप स्वतः सांगितलं आणि पडद्यावर फिल्म दाखवली. ती पाकळी फडफडताना मी डोळ्यांनी बघितली, धुवून वाळत घातलेला रुमाल वाऱ्यात उडतो ना तशी. सर्जन स्वतःच म्हणाले की यांना मी उघडणार नाही, किडनी सांभाळणं जड जाईल. भाऊ शेजारी बसला होता, त्यानं मान हलवली आणि नंतर बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दोन्ही क्लिपची इस्टिमेट मागितली. फरक आहे, आणि इथल्या डॉक्टरांचा दोन्हींवर हात आहे. पाच मेडिक्लेमचे, बाकी भावाची एफडी, माझे दागिने आणि मामानं स्वतःहून फोन करून दोन लाख देतो म्हणून सांगितलं, त्याला मी तो ईएफवाला परिच्छेद पाठवला होता. निधीचा अर्जही केलाय, बघू. अँजिओग्राफी कमी डायमध्ये उरकली, क्रिएटिनिन दोनला जाऊन परत १.९ वर आलं, मग तारीख दिली. एक दाढ हलत होती ती आधीच काढून घेतली.

आईला सगळं सांगितलं, इस्टिमेटसकट. मला वाटलं रागावेल. तिनं फक्त विचारलं की छातीवर चिरा नाही ना, मग म्हणाली, नाही ना, मग जाऊ. गुरुवारी ॲडमिट, शुक्रवारी पहिलीच केस आहे. जर्सी ताई, पेजेचं लक्षात आहे, आणि एक सांगा, तो जांघेतला टाका कापताना त्यांना दुखलं होतं का? तिनं तेवढं विचारायला सांगितलंय.

जर्सीची_सून

नाही हो, कापताना काही कळलंही नाही म्हणाल्या. पट्टी काढताना मात्र केस ओढले जातात, तेवढी हळू काढायला सांगा. आईंना माझा नमस्कार सांगा, शुक्रवारी आमच्याकडे रात्र असेल पण मी जागी आहे, जमलं की एक ओळ टाका.